नानांची पहिली घागर

मी एकदा गप्प बसले, आणि दोन सख्खे भाऊ शेवटपर्यंत बोलले नाहीत.

नाना म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. उधन्यात कापडाच्या लूमवर होते.
दिवाळीनंतर कामावरच छातीत दुखलं. गेले.

माझी शाळा आठवीत सुटली. घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवायचे आणि लपून मोबाईलमध्ये स्टोऱ्या लिहायचे.
नानांनी पकडलं. आणि मोठ्याने वाचायला लागले!
लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले, त्यामुळे माझी स्टोरी अख्ख्या गल्लीला पाठ. मी लाजून मोरीत जाऊन बसायचे.

बाहेरून दहावी, मग बारावी, त्यांनीच द्यायला लावली.
"तुले लिखानं शे ना? मंग त्यानं बी शिक्षण ऱ्हाई कोठे तरी!"

मागच्या उन्हाळ्यात सुट्टी टाकून मला कॉलेजं फिरवली. मी बाईकजवळच उभी. आत जायची हिंमत नाही.
एका खिडकीवर नाना ओरडून विचारत होते, "लेखक बनने का कोर्स कौनसा? और दिनपाली है या रातपाली?"
आतला माणूस हसला. "काका, आ कॉलेज छे, लूम नथी!"
नाना पण हसले.

मराठी घेऊन बी.ए. आम्हाला इथे गुजराती मुलखात कुठे मिळालं नाही. नानांनी नंदुरबारला फोन करून करून शोधलं.

पप्पा म्हणाले, "बी.कॉम. करू दे आठेच. मार्केटमा नोकरी लागी जाई. एकली पोरले मी तठे धाडाव नही."
"तिले इचार," नाना म्हणाले.
"सांग, जावानं शे तुले?" पप्पांनी मला विचारलं.

दोघं माझ्याकडे बघत होते.

मी मान खाली घालून स्टोन चिकटवत राहिले.

"देख," पप्पा म्हणाले. "तिना मनमा काहीच नही. तुलेच हौस शे."

नानांनी चप्पल घातली. परत आमच्या घरी आले नाहीत. पप्पाही गेले नाहीत.
मी कुठेच ॲडमिशन घेतलं नाही.

फक्त हो म्हणायचं होतं यार.

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्यात या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. नानांची ही पहिली.
पप्पांनी घागर पुजली. निखाऱ्यावर पोळीचा घास ठेवला, तूप सोडलं.
"भाऊ, जेवी ले."
एवढंच. आणि रडायलाच लागले.

त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. नानांची बायको म्हणजे माझी मोठी आई, भाऊबंद, सगळे बसलेले.
"पप्पा, माले मराठीच लेवानं शे. नंदुरबारले जावानं शे."

मग पप्पांनी नाक पुसलं. "तठे पोरीसनं होस्टेल शे का?"

मला माहीत नाही.
नानांना माहीत होतं.

नाना, तुम्ही समोर होता तेव्हा बोलायला पाहिजे होतं. माफ करा.
तुमच्या पोरीचा नमस्कार.