मिस्टर सुरतला असतात

वणीला बदली झाली तेव्हा नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी टेलिफोन ऑफिसात होते. नाशिकहून रोज एसटीने जाऊन पाहिलं, महिनाभरात कंबर बोलायला लागली, म्हणून तिथंच घर बघायचं ठरलं. गळ्यातलं मंगळसूत्र सासूबाईंनीच काढू दिलं नव्हतं. परक्या गावात एकटीनं राहायचं आहे, असू दे, म्हणाल्या.

पहिल्या दोन घरमालकांनी नकार दिला. एक जण तोंडावर म्हणाला, "एकट्या बाईला खोली देत नाय आम्ही." जणू मी हौसेनं एकटी झाले होते. तिसरं घर बसस्टँडमागच्या नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गड दिसायचा. खाली मालकीणबाई राहायच्या. "मिस्टर कुठं असतात?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बरोबर आलेली ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "सुरतला असतात कामाला." लगेच किल्ली हातात पडली. मैत्रिणीचा राग आला, पण चौथं घर शोधायचं त्राण नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसातून परतले की मालकीणबाई जिन्याजवळ मेथी निवडत बसलेल्या असायच्या. "तुमचं बरं हाय ताई, फोनच्याच ऑफिसात. रोज बोलत असाल मिस्टरांशी." सुरुवातीला मी नुसती मान हलवायची. मग एकदा सांगून बसले की त्यांना चहा दोनदा उकळलेला लागतो. पुढं सांगतच गेले. भरतात दाण्याचं कूट दिसलं की ताट सरकवतात. क्रिकेटमध्ये भारत हरला की जेवत नाहीत आणि मग चोरून डब्यातले लाडू संपवतात. मालकीणबाई पोट धरून हसायच्या. "लय लाडावून ठेवलंय तुम्ही," म्हणायच्या. दिवाळीला का आले नाहीत असं त्यांनी विचारलं, तर रजा मिळाली नाही असं मी सांगितलं.

नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या घरात नवऱ्याचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणायची, नाहीतर उठून आत जायची. त्यांच्याबद्दल हसून बोलायला मला हा एकच जिना उरला होता. मी सुट्टीतही नाशिकला जायचं टाळू लागले.

दुसऱ्या वर्षी मालकीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. हळद कांडायला पाच सवाष्णी बसवायच्या होत्या. त्या वर आल्या आणि माझ्या हातात सुपारी ठेवली. "पहिला मान तुमचा, ताई."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, उलट चीडच येते. पण विश्वास त्यांचा होता आणि पोर त्यांची होती. मी सुपारी परत त्यांच्या हातात दिली आणि खरं ते सांगितलं.

आता घर सोडायला सांगतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "काय झालं व्हतं?" मी म्हणाले, "हार्ट अटॅक." मग पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या, घरचं माणूस गेल्यासारख्या. "औंदा तरी येतील म्हणून लोणच्याची बरणी काढून ठेवली व्हती त्यांच्यासाठी," म्हणाल्या. मी कोरडीच होते. धीर मीच त्यांना दिला.

घर सोडायला त्यांनी सांगितलं नाही. लग्नात हाताला धरून जेवायला बसवलं. पण त्यानंतर मी जिन्याशी आले की त्या मान खाली घालायच्या आणि "जेवलात का, ताई?" एवढंच हळू आवाजात विचारायच्या. एका संध्याकाळी मीच मुद्दाम सुरू केलं, की आमच्या लग्नात हे भर मांडवात झोपून गेले होते. त्या हसल्या नाहीत. डोळे पुसत म्हणाल्या, "नका आता आठवण काढू त्यांची. तुम्हालाच त्रास होतो."

मी वर गेले, दार लावलं आणि खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडले.