डावखुऱ्या सुताराचा हात

माझ्या ताईचा नवरा सुतार. भाऊजींशी धड बोलून परत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. गिऱ्हाइकाने दार घासतंय म्हणून तक्रार केली, की म्हणायचे, "दार सरळ आहे. भिंत तुमच्यासारखी आहे." मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं, तेव्हा ते त्या यंत्रालाही शिव्या घालत. त्यासाठी मानेत नळी घातली होती. ती फार दिवस ठेवणं धोक्याचं, म्हणून हातातली शीर धमनीला जोडून सुया टोचायची कायमची सोय करायची होती. मात्र जोडणी झालेल्या हाताने जड काम, ठोकाठोक बंद.

"लिहिता कोणत्या हाताने?" सर्जनने विचारलं.

"उजव्या."

"मग डाव्यात करू."

भाऊजींनी डावा हात मांडीखाली सरकवला. लहानपणी बापाने डावा हात खांबाला बांधून त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती. लिहायचा हात तेवढा बदलला. करवत, रंधा, हातोडी सगळं डाव्यातच राहिलं. पण चारचौघांत डावखुरा म्हणवून घ्यायची त्यांना अजून लाज.

ताईला राहवेना. "डॉक्टर, यांनी लग्नानंतर सहीपलीकडे एक अक्षर लिहिलेलं नाही. आमचं पोट डाव्या हातावर चालतं."

"तू गप गं! तुला कोणी विचारलं?"

"तुमच्या तोंडाने करवत चालली असती, तर बसले असते गप."

सर्जनही वैतागला. "आधी सांगायला काय झालं होतं?" मग दोन्ही हातांची तपासणी झाली. उजव्यातल्या शिरा सलाइन लावून लावून खराब झालेल्या, डाव्यातल्या मात्र छान जाड. "उजव्यात जोडणी टिकेल असं वाटत नाही," तो म्हणाला.

"उजव्यातच करा. फसली तर नाव तुमचं जाईल."

फसलीच. दोन महिने झाले तरी शीर फुगेना, सुई शिरेना. तोवर मानेतल्या नळीतून रक्तात जंतू गेले. थंडी वाजून ताप भरला, खाट हलायला लागली. उतार पडल्यावर सर्जनने स्पष्ट सांगितलं, असं पुन्हा झालं तर वाचतील याची हमी नाही.

"हात राखा तुम्ही," ताई म्हणाली. "सरणावर कामाला येईल."

"बरंच आहे. सुटशील."

"सुटेन की! पण मग भांडायचं कोणाशी, ते शोधत बसावं लागेल ना!"

भाऊजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सर्जन जायला निघाला, तेव्हा न वळता डावा हात मागे फेकला. "घ्या. एकदाचं तुमचं समाधान होऊ द्या."

डाव्या हातातली जोडणी धरली. मानेतली नळी निघाली. ताप पुन्हा आला नाही.

परवा मी ताईकडे गेले, तर भाऊजी उजव्या हाताने खिळा ठोकत होते आणि ताई तो पकडीत धरून बसली होती.

"सरळ धर!"

"तुम्ही आधी सरळ मारा. माझी बोटं काही तुम्ही केलेली नाहीत."

तिसरा खिळा वाकला. चौथा गेला. शेवटी एक स्टूल उभं राहिलं, तिन्ही पाय तीन दिशांना गेलेलं. मी हसू दाबलं.

"बी.ए. शिकलेल्या बाई, दात नंतर दाखवा. बसून बघा आधी."

मी बसले. स्टुलाने करकर केली, पण तुटलं नाही.

"हलतंय," मी म्हटलं.

"तुम्ही हलताय," भाऊजी म्हणाले, आणि पुढचा खिळा तोंडात धरला.