पिल्लांच्या बाई

आमच्या बाईंना कसलाच वास नसायचा. डहाणूहून तलासरीच्या प्रयोगशाळेत आम्ही बाकीच्या जणी पावडर लावून, कधी मोगरा माळून जायचो. नरपडच्या या बाई केसांना तेलसुद्धा लावत नसत. उंदराच्या नवजात पिल्लाला परका वास लागला, तर आई त्याला जवळ घेईलच असं नाही. म्हणून पिल्लू उचलण्याआधी बाई त्याच्याच घरट्यातला भुसा तळहातांना चोळायच्या. घरच्या लग्नातही त्यांनी अत्तर लावू दिलं नाही म्हणे. सगळे त्यांना पिल्लांच्या बाईच म्हणत.

काम कंटाळवाणं होतं. फवारणीचं नवं औषध गाभण मादीला द्यायचं आणि पिल्लांच्या मेंदूवर काही परिणाम झालाय का, ते पाहायचं. उताणं ठेवलेलं पिल्लू पालथं व्हायला किती वेळ लावतं, ते घड्याळ लावून मोजायचं. कुठल्या पिल्लाच्या आईला औषध दिलंय, हे आम्हाला मुद्दाम सांगत नसत. एखादं नुसतंच पाय झाडत राहिलं, की माझं बोट मदतीला पुढे जाई. बाई म्हणायच्या, "दया नंतर कर. आत्ता बघ." हे इतकं ऐकलं, की पुढे पुढे वैताग यायचा.

चिकूवरच्या एका औषधाच्या वेळी शेवटी यादी उघडली, तर औषध दिलेल्या माद्यांची पिल्लं फार उशिरा वळलेली. औषधवाल्या कंपनीचे साहेब आले. मध्ये वीज गेली होती, पिल्लं गारठून मंदावली, असं लिहून सही करा म्हणाले. गारठलेलं पिल्लू मंदावतं, हे खरंच होतं.

"वीज सगळ्यांचीच गेली होती, साहेब," बाई म्हणाल्या. "औषध न दिलेलीही त्याच खोलीत होती. ती वळली."

मग सगळं पुन्हा करायचं ठरलं. म्हणजे पुन्हा माद्या, पुन्हा पिल्लं आणि शेवटी ती सगळी मारायची. सही केली असती तर ही जन्मालाच आली नसती, असं बाई डबा न उघडताच बोलून गेल्या. तरी हाताला भुसा चोळून कामाला बसल्या. त्या दिवसांत त्या फार थकल्या, आणि आम्हीही.

निकाल तोच आला. बाईंनी त्या निकालावर सही केली आणि नोकरी सोडली. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता. फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा म्हटलं, "बाई, शेवटी तुमचंच खरं झालं."

जीपमध्ये चढता चढता त्या थांबल्या. "मी रोज म्हणत होते गं, या खेपेला तरी सगळी वळू देत."