मॅडमची बुरशी आणि ते खुरपं

मॅडम गेल्या. त्यांची बुरशी जिवंत आहे.

हे आधी लिहितो, कारण शेवटच्या फोनवर त्यांनी तिचंच विचारलं होतं.

मी बारावीत शिक्षण सुटलेला. बारामतीच्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट आहे. मॅडम तिथे शिकवायच्या आणि कोकणातल्या खाडीकाठच्या कांदळवनातली बुरशी तपासायच्या. कारखान्यांच्या पाण्यातून तिथल्या चिखलात शिसं, तांबं, जस्त साठतं. ही बुरशी त्यातही वाढते आणि ते धातू स्वतःत ओढून घेते.

किती, ते मॅडम मोजायच्या.

डाळज गावात शेती करणारे त्यांचे भाऊ, तात्या, म्हणायचे, "लोणच्याला बुरशी आली की आमी बरणी फेकतो. आमची ताई तिच्यावर पगार घेती."

एकदा मीही खाडीवर गेलो होतो. ओहोटी संपत आली होती. मुळांच्या जाळीतला चिखल प्लास्टिकच्या चमच्याला दाद देईना.

गाडीत तात्यांसाठी घेतलेलं नवं खुरपं होतं. मॅडमनी ते काढलं आणि भांगलायला बसावं तशा बसून भराभर पिशव्या भरल्या. शेतकऱ्याची लेक. मी बघतच राहिलो.

परतताना भिगवणला मासे खायला थांबलो. घास हातात धरून त्या थांबल्या.

"आरं, खुरपं लोखंडाचं हाय."

"हो, मॅडम."

"आन् आपण चिखलातलं धातू मोजायला निघालोय."

मग त्या इतक्या हसल्या की हॉटेलवाला पाणी घेऊन धावला.

सगळा चिखल बाद.

नंतर लाकडी उलथनं घेऊन परत गेलो. त्या चिखलातून ही बुरशी मिळाली. बाद चिखलाची एक बाटली मात्र मॅडमनी टेबलावर ठेवली. नव्या मुलांना आधी ती दाखवायच्या आणि चूक कुणाची, तेही स्वतःच सांगायच्या.

बुरशी ठरावीक दिवसांनी नव्या प्लेटवर न्यावी लागते, नाहीतर मरते. मॅडम ॲडमिट झाल्या आणि ते काम माझ्याकडे आलं. मी घराला कुलूप लावून परत ओढून बघणारा माणूस. एका संध्याकाळी दवाखान्यातून त्यांचा फोन आला.

"बुरशीला खायला घातलंस का?"

"उद्या घालतो. मॅडम, माझ्याकडून चुकलं तर?"

"चुकू दे. झाकण तेवढं उघडं ठेवू नगं, दुसरी बुरशी शिरंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

मी आधी लॅबमध्ये गेलो. सुई तापवली, गार होऊ दिली, बुरशीचा कण उचलून नव्या प्लेटवर ठेवला, झाकण लावलं.

मग अंत्यविधीसाठी डाळजला. उशीर झाला होता. तात्यांना कारण सांगितलं. ते रागावले नाहीत.

"जगंल का ती?"

"कणाभोवती कडं आलं की कळेल, तात्या."

आज त्यांच्याकडे मॅडमचं पुण्यानुमोदन आहे, श्रद्धांजलीचा कार्यक्रम. निघण्याआधी प्लेट उजेडात धरली. कणाभोवती पांढरं कडं आलंय. दुसऱ्या बुरशीचा एकही डाग नाही.

तात्यांना सांगायला निघालोय.

पुढची प्लेटही मीच भरणार, मॅडम. झाकण उघडं राहणार नाही.

जय भीम.