करिंथच्या बायका

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, पण कळंबची आमची ख्रिस्ती मंडळी उपासनेला रविवारीच जमायची. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. उपदेश कळला नाही की बायका तिथूनच नवऱ्याला ओरडून विचारायच्या, “अवो, काय म्हनले?”

एका रविवारी परंड्याकडची एक बायबलबाई आली. गावोगाव बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. तिची बोटं सारखी पदराचं टोक गुंडाळायची, सोडायची. नेमकं त्याच दिवशी मंडळीच्या पाळकांनी बायबलातून वाचलं, की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, काय ते घरी नवऱ्याला विचारावं. मी नवी सून. अंगाची नुसती लाहीलाही झाली.

उपासना सुटल्यावर लिंबाखाली मी तिला गाठलं. “बाई, हे देवाचं बोलणं व्हय?”

“पौल प्रेषितानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिवलंय ते,” ती म्हणाली. “तिथल्याबी बायका शिकलेल्या नसतील. तुमच्यागत मधीच इचारत असतील, गलका व्हत असंल. तो थांबवायला लिवलं. त्याच पत्रात बायका मंडळीत प्रार्थना करत्यात, तेबी हाय की.”

“मग हे तुम्ही आत का न्हाय सांगितलं?”

पदर बोटाला करकचून आवळला गेला.

“आत बाईनं बोलायचं न्हाय, पोरी. आत्ताच वाचलं न्हवं?”

ती बैलगाडीत बसून पुढच्या गावाला, ईटकडं गेली. पुढच्या रविवारी एकाही बाईनं ‘अवो’ म्हटलं नाही. मी चटईवर चुळबुळत राहिले. तिनं सांगितलेलं सगळं पुन्हापुन्हा ओठांपर्यंत येत होतं.