कंपनीचा डबा

माझ्या नातीने मित्रांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेची छोटीशी कंपनी काढली आहे. शेतकरी फोनवर आपल्या बोलीत विचारतो आणि तिचं यंत्र उत्तर देतं. बड्या कंपन्यांच्या यंत्रांना म्हणे 'हाय', 'न्हाई' धड कळत नाही, हिच्या यंत्राला कळतं. "मग आम्ही टिकू ना, आजोबा?" असं ती विचारते आणि माझं डोकं फिरतं. तिच्यावर नाही, त्या डब्यावर.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. केडगावात पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि माझा भागीदार विहिरीवरच्या मोटारीसाठी एक डबा बनवायचो. गेलेली लाईट आली की तो मोटार आपोआप सुरू करायचा, माणसाने विहिरीकडे धावायला नको. मुंबईच्या एका बड्या कंपनीचाही तसाच डबा होता, चकचकीत. पण पारनेरकडे विजेचा दाब इतका मरतुकडा, की तो नुसता गुरगुरायचा. आम्ही आतली कॉईल त्या दाबाला धरूनच हाताने गुंडाळायचो. मोठ्यांना हरवायचं ते असंच, अशी आमची खात्री होती. त्या हंगामात डबे खपले नाहीत तर शेड बंद, हेही ठाऊक होतं.

पहिला डबा पारनेरजवळच्या एका बागाईतदाराने घेतला. गडी खूश! भेटेल त्याला सांगत सुटला, "लई भारी हाय. एकदम कंपनीचा माल!"

ही त्याची शाबासकी. चांगलं ते कंपनीचं, बाकी सगळं लोकल. ऐकणारे उठले आणि नगरच्या दुकानातून खरोखरच कंपनीचा डबा घेऊन आले. तो गुरगुरला तर शिव्या लाईटला!

चिडून आम्ही त्याच्या डब्यावर लाल रंगात ठळक 'केडगाव' लिहून आलो. पुन्हा गेलो तर अक्षरं खरवडलेली.

"रागावू नगा," तो म्हणाला, "पावनं-रावळं येत्यात. लोकल दिसतंय."

त्याची मोटार मजेत चालू होती. आमच्या शेडला दिवाळीआधीच कुलूप लागलं.

काल नात नेवाशाहून आली ती नाचतच. तिथल्या एका शेतकऱ्याने तिचं यंत्र वापरून पाहिलं होतं.

"आजोबा, ते काय म्हणाले माहितीये? 'अगदी मोठ्या कंपनीवानी हाय!'"

"आणि तुमच्या कंपनीचं नाव विचारलं का गं त्यांनी?"

ती हसायची थांबली.