दोन दिवस रंग आला नाही

नळाला पाणी येण्याआधी वारा येतो. आधी आत कुठेतरी खोल घरघर होते, मग तोटीतून एक लांब, कोरडा सुस्कारा बाहेर पडतो आणि त्याच्या मागोमाग, दोन-चार ठसके देत, तांबूस रंगाचं, लोखंडाच्या वासाचं पाणी. आमच्या गावाला पाणी पाचव्या दिवशी येतं आणि गल्लीतला शेवटचा नळ माझा. त्यामुळे हा सुस्कारा माझ्याइतका लांब दुसऱ्या कुणाला ऐकू येत नसावा. किती वेळा वाटलं आहे, की चार दिवस जमिनीखाली रिकामी पडून राहिलेली ती नळी काही सांगायला येते आणि आपण तिच्या तोंडाखाली घागर धरून तिचं बोलणं बुडवून टाकतो!

पण त्या रिकाम्या चार दिवसांतच सगळी गोम आहे. भरलेली नळी आतलं बाहेर ढकलते, रिकामी नळी बाहेरचं आत ओढते. कुठे जोड सैल असेल, शेजारून गटार वाहत असेल, तर त्याचा अंश ती मुकाट्याने पोटात घेते आणि पाण्याचा पहिला लोट तो घरात आणून सोडतो. आमच्याकडची रीत मात्र नेमकी उलटी. पाणी आलं, की घरोघर उरलेलं पाणी अंगणात ओततात, कारण ते शिळं. चार दिवस निवळलेलं, शांत झालेलं पाणी धुळीला आणि धावत आलेला तो पहिला लोट पिण्याच्या हंड्याला, कारण तो ताजा! शेजारच्या हिराबाईंना मी हे कितीदा तरी सांगितलं. त्या पदर खोचत म्हणतात, "पाव्हन्याला शिळं पानी देऊ व्हय भाऊ? तुमी लई शिकल्यालं, तुमी प्या शिळं."

गेल्या पावसाळ्यानंतर मी पाणी तपासू लागलो, त्याला कारण होतं. आमची स्वाती, एकुलती मुलगी, पुण्याला असते. तिला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा सगळ्यांत गोड नियम. तिच्या आईने, मंगलने, मागची खोली सारवल्यासारखी लख्ख करून ठेवली होती. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, उन्हात घालून घड्या केल्या होत्या. एका संध्याकाळी स्वातीचा फोन आला. "अप्पा, डॉक्टर विचारतायत तिकडचं पाणी कसंय. पाण्यातून होणारी कावीळ अशा दिवसांत फार वाईट म्हणे. तुम्ही सांगाल तसं करू."

तुम्ही सांगाल तसं! एवढा विश्वास कुणी आपल्यावर टाकावा आणि आपण अंदाजाने उत्तर द्यावं? मी शेवगावहून तपासणीचं औषध आणलं. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पाण्यात जंतू मारणारी पावडर शिल्लक असेल तर हळदीसारखा फिका पिवळा रंग येतो. तो रंग किती सुंदर दिसतो, हे ज्याने त्याची वाट पाहिली त्यालाच कळेल. नऊ वेळा पाणी आलं, नऊ वेळा मी नळी उजेडात धरली. सात वेळा पिवळा रंग उमटला. दोन वेळा पाणी जसंच्या तसं राहिलं, आरपार, निष्पाप दिसणारं.

पाणी सोडणाऱ्या बबनभाऊंना मी ती नळी नेऊन दाखवली. त्यांनी ती डोळ्यांपाशी धरली, सावकाश परत दिली. "पावडर आमी मापानं टाकतो, साहेब. पन तुमचं घर शेवटचं. तुमच्यापत्तोर यीस्तोवर ती बी दमती." मग म्हणाले, "गटारापाशी एक जोड हाय. उकरून बघावा लागंल."

मंगलला आकडे सांगितले, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "नऊपैकी सात? अहो, एवढ्यावर शाळेत पहिला वर्ग मिळतो!" म्हणाली. "उकळून देईन की तिला. तिला लहानाची मोठी केली ती याच पाण्यावर ना?" मी म्हणालो, प्यायचं उकळशील; चूळ भरायचं, भाजी धुवायचं, ताट विसळायचं? आणि पोर चुकून एखाद्या वेळी हंड्यातलं प्यायली तर? तिने मान वर केली नाही. तांदळातून खडा मात्र एकही निघत नव्हता.

मी स्वातीला खरं ते सांगितलं. दोन दिवस रंग आला नाही. "बरं अप्पा," एवढंच ती म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत मागची सगळी खोली रिकामी झाली. आठवड्याने मंगल दुपट्यांची पिशवी घेऊन पुण्याच्या एसटीत बसली. गल्लीत बोलणं पसरायला वेळ लागत नाही. "पोरीला पान्यापायी परतावली म्हनं, पान्याचा डाक्टर!" हे मी किराणा दुकानात पाठमोरा उभा असताना ऐकलं आणि साखर घेऊन घरी आलो.

पुढे बबनभाऊंनी तो जोड उकरला; फटीत झाडाची मुळं शिरली होती. नवा जोड बसला. आता दर खेपेला रंग उमटतो, हिराबाईंच्या हंड्यातही उमटत असणार. स्वातीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. आणि मी या दोन खोल्यांत स्वतःशी वाद घालतो. ती इथे आली असती, तरीही सुखरूपच राहिली असती का? कदाचित. बहुतेक. जे आजारपण आलंच नाही, त्याचा पुरावा कुठून आणायचा? टळलेलं संकट कुणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त पाळणा न हललेल्या घरातला माणूस.

काल सकाळी मंगलचा फोन आला. "थांबा, ऐका," म्हणून तिने तो बाळाजवळ धरला. रडणं नव्हतं, बोलणं नव्हतं. नुसता एक बारीक, ओला हुंकार. मग मंगलला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. मी अंगणात तसाच उभा राहिलो, फोन कानाला लावून. हिराबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "कोन बोलतंय, भाऊ?"

फोन बंद होऊन चांगली दोन मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "नात."